पुण्यात ऑफिसला रोडबाईकने, म्हणजे बारीक टायरच्या सायकलने जायचंय? रस्ता असा शोधा

कोथरूडहून डेक्कनला किंवा पुढे पेठेत जायचं म्हटलं की आपण मॅप उघडतो आणि मॅप सरळ कर्वे रोड दाखवतो. मॅपचा टू-व्हीलर मोड मोटरसायकलवाल्यांसाठी आहे, दोन मिनिटं वाचत असली तर तो फ्लायओव्हरवरूनही नेईल, आपल्याला ते चालत नाही. स्ट्राव्हा या सायकलिंगच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जास्त सायकल चालवतात ते रंगात दाखवणारा नकाशा, बघा असं सगळे सांगतात, बघा जरूर, पण तो बराचसा पहाटे सिंहगडला नाहीतर हायवेला जाणाऱ्यांनी रंगवलेला असतो आणि तोच रस्ता सकाळी साडेनऊला पार वेगळा असतो.

माझं म्हणणं एकच, गर्दीला घाबरू नका, वेगातल्या फरकाला घाबरा. तुम्ही ताशी 20 ने चाललाय आणि खांद्याजवळून बस 50 ने जातेय, तिथे चूक कोणाचीही असो, लागणार तुम्हालाच. उलट ज्या गल्लीत गाड्यांना पळायला जागाच नाही तिथे फार तर मागून हॉर्न वाजेल. म्हणून मेन रोडला समांतर गल्ल्या आधी शोधायच्या आणि मग मेन रोड कुठे कुठे ओलांडावा लागतो ते बघायचं, कारण खरा धोका त्या चौकातच असतो.

उदाहरण घ्या. कर्वे पुतळ्याकडून मयूर कॉलनीतून आतल्या आत एसएनडीटी कॉलेजपर्यंत या, मेन रोड सिग्नललाच ओलांडा, मग कॅनॉल रोडने लॉ कॉलेज रोड, पुढे प्रभात रोडच्या गल्ल्या, कमला नेहरू पार्क आणि भांडारकर रोडने गुडलक चौक. वेळ थोडा जास्त लागतो पण झाडांची सावली आहे आणि जीव मुठीत धरून चालवावं लागत नाही. वनवेचे बोर्ड बघा हं, उलटं घुसायचं नाही, थोडंसंच अंतर असेल तर उतरून सायकल हातात धरून फूटपाथवरून चाला.

कर्वे रोडवरूनच जावं लागलं तर नळस्टॉपला नीट लक्ष द्या. 2022 साली तिथला दुमजली फ्लायओव्हर झाला, त्याच्या तोंडाशी लोक शेवटच्या क्षणी लेन बदलतात, काही वर चढायला उजवीकडे आणि काही खाली राहायला डावीकडे, आणि आपण बरोबर त्यांच्या मधे सापडतो. बरंच आधी मागे बघून, हात दाखवून डाव्या लेनच्या मधोमध या, अगदी कडेला चिकटलात की लोक घुसतातच. उजवीकडे वळायचं असेल तर ट्रॅफिक कापत जाऊ नका, सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा.

आता टायर. 25 किंवा 28 एमएम रुंदीच्या टायरला आपल्या रस्त्यात सगळ्यात वाईट म्हणजे कडेची पावसाळी गटाराची जाळी, तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर पुढचं चाक सरळ आत जातं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. मॅपवर हे काहीच दिसत नाही म्हणून रविवारी सकाळी एकदा सावकाश रूट फिरून या, जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणं, रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावर काढलेले उंच पट्टे), ओले पेव्हर ब्लॉक, सगळं डोळ्याखालून घाला. मग एकदा ऑफिसच्या वेळेला स्कूटरवरून जाऊन बघा की रिक्षा कुठे उभ्या राहतात, शाळा कुठे सुटते, डबल पार्किंग कुठे होतं. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेवाच, आरशात ड्रायव्हरचं डोकं दिसलं तर दार उघडणारच असं धरून चाला.

नदी ओलांडायला झेड ब्रिज बरा, तिथे चारचाकी येत नाहीत. भिडे पुलावर पावसाळ्यात विसंबू नका, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. जून ते सप्टेंबरसाठी दुसरा पूल धरून वेगळा रूट सेव्ह करून ठेवा आणि तोही आधी कोरड्यात एकदा चालवून बघा.