लीजवरच्या नव्या ईव्हीत बिघाड आला, तर आधी कागद हलवा

स्वस्तात लीजवर मिळालेली नवी इलेक्ट्रिक कार पहिल्या महिन्यातच त्रास देऊ लागली, की आपण थेट सर्व्हिस सेंटर गाठतो. पण गाडीची मालक लीज कंपनी असते, आपण वापरणारे. म्हणून बिघाड दिसेल त्याच दिवशी लीज कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, दोघांनाही ईमेल करा. नुसत्या फोनचा पुरावा उरत नाही.

डॅशबोर्डवरची सूचना, चार्जची टक्केवारी आणि किलोमीटर एकाच व्हिडिओत घ्या. वर्धा रोडवर बंद पडलेली गाडी वर्कशॉपमध्ये हमखास नीट चालते, तेव्हा हाच व्हिडिओ कामी येतो. जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉप गाडीच्या कामाची नोंद करतं त्या कागदावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. तोच दोष पुन्हा आला तर नवं जॉब कार्ड हवंच.

मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नसेल, तर आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासायला सांगा; बरेचदा दोष तिथेच निघतो. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना फास्ट चार्जिंग मंदावलं, तर तो बिघाडच असेल असं नाही. बॅटरी तापू नये म्हणून गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते. संध्याकाळी पुन्हा लावून बघा.

राग आला तरी हप्ता थांबवू नका, करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. पर्यायी गाडीचं कलम करारात शोधा आणि ती लेखी मागा. दाद मिळालीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.