मेस्त्रीला कळेल असं स्केच पेन डिस्प्लेवर कसं काढायचं

फोंड्यात मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, मधे राजांगण, वर मंगळुरी कौलं. अशा घरात पन्हळीचं पाणी कुठून काढायचं हे तोंडी सांगून भागत नाही, काढून दाखवावं लागतं. तीन पावसाळे झाले, मी हे काम कागदाऐवजी १३ इंची पेन डिस्प्लेवर करते, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा असा टॅब्लेट, ज्याच्या पडद्यावरच पेनने काढता येतं.

जोडणीत दोन गोष्टी वेगळ्या असतात: चित्र एचडीएमआयने जातं, पेनची खबर यूएसबीने. टाइप-सीची एकच केबल लावणार असाल, तर लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून डिस्प्ले बाहेर जातो का ते आधी बघा. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल लावली की बहुधा पडदा काळाच राहतो. मी त्यात एक अख्खी दुपार घालवली होती.

मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. टॅब्लेटवर पेन टेकवलं आणि कर्सर लॅपटॉपच्या पडद्यावर फिरला, तर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेटसाठी लॅपटॉपवर टाकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, पेन कुठल्या मॉनिटरला जोडलंय ते बदला. पेन थोडा वेळ टेकवून ठेवल्यावर गोल रिंग येत असेल, तर ते राइट-क्लिक आहे. विंडोजच्या पेनच्या सेटिंगमध्ये ते बंद करा, नाहीतर प्रत्येक बारीक रेघेला अडखळाल.

कॅलिब्रेशन, म्हणजे पेनचं टोक आणि पडद्यावरची रेघ जुळवणं, मात्र घाईत उरकू नका. निब म्हणजे पेनचं टोक आणि चित्र यांच्यामध्ये काच असते, त्यामुळे तिरकं पाहिलं की टोक एकीकडे आणि रेघ दुसरीकडे दिसते. स्टँड नेहमीच्या कोनात लावा, रोज बसता तसे बसा आणि मगच पडद्यावरच्या फुल्यांवर पेन टेकवा. सरळ बसून कॅलिब्रेट केलं आणि काढताना वाकलात, तर फरक पडणारच. अगदी कडेला तरीही थोडी चूक राहू शकते. महत्त्वाचं माप तिथे लिहू नका.

चित्र काढायला मी क्रिता हे सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे. पेन हाताचा दाब (प्रेशर) हजारो पातळ्यांत ओळखतं, पण कामाच्या स्केचमध्ये रेघेची जाडी दाबावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. जाडीला अर्थ असतो: जाड म्हणजे कापलेली भिंत, बारीक म्हणजे मापाची रेघ. म्हणून ब्रशच्या सेटिंगमध्ये साइझचं प्रेशर काढून टाका आणि दोनच ब्रश ठेवा. हात थरथरत असेल तर रेघ स्थिर करणारा स्टॅबिलायझर लावा.

साइटवर भिंतीचा फोटो समोरून काढा आणि फोटोत टेप उलगडून धरा, म्हणजे प्रमाण मिळतं. तो फोटो तळाच्या लेयरवर टाकून फिकट करा. त्यावर तीन लेयर: जुनं बांधकाम राखाडी, नवं लाल, मापं काळी. हा नियम मला एका चुकीने शिकवला. एका घराचं न्हाणीघर सरकवायचं होतं. मी सगळं काळ्याच रेघांनी काढून पाठवलं. दुसऱ्या दिवशी साइटवर गेले तेव्हा मेस्त्री फोन पुढे करून म्हणाले, “बाय, यातली जुनी भिंत कुठली आणि नवी कुठली?” तोवर राखायच्या भिंतीचे चिऱ्यांचे दोन थर उतरवून झाले होते. चिरे शाबूत होते म्हणून परत बसवता आले.

पावसाळ्यात हवा ओली असते, तळहात काचेला चिकटतो आणि रेघ अडखळते. दोन बोटांचा ग्लोव्ह घाला. काम झालं की टॅब्लेट पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा. निब एका बाजूने तिरपी झिजली की लगेच बदला, काचेवर ओरखडे पडतात.

फाइल पीएनजीमध्ये काढा, जेपीजीमध्ये रेघांच्या कडा धुरकटतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याआधी ते स्वतःच्या फोनवर उघडा आणि बाहेर उन्हात जाऊन बघा. पडदा न चिमटता मापं वाचता आली नाहीत, तर परत आत या आणि आकडे मोठे करा.