पोर्ट ब्लेअरला बिऱ्हाड हलवताना: लहान मुलं असलेल्या घरासाठी तयारीची यादी

अंदमानात बदली झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे काय काय मिळत नाही? पोर्ट ब्लेअरमध्ये (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) जवळपास सगळं मिळतं, पण येतं ते बोटीने किंवा विमानाने. समुद्र खवळला, बोट लांबली की दुकानातली फळी रिकामी राहते. मोठ्या माणसांचं चार दिवस कशावरही भागतं. दोन वर्षांच्या मुलाचं दूध, डायपर आणि औषध मात्र थांबू शकत नाही. म्हणून यादी करायला बसताना आधी कॅलेंडर समोर घ्या, वस्तू नंतर.

निघायला मार्चअखेर सगळ्यात बरी. समुद्र शांत असतो, शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मे महिन्यात येणाऱ्या पावसाआधी घर लावायला महिनाभर मिळतो. तिथून मागे मोजा. पुण्या-मुंबईहून सामान ट्रकने चेन्नईला जायला तीन-चार दिवस, तिथे कंटेनर भरून जहाज मिळेपर्यंतची वाट, समुद्रातले तीन-चार दिवस आणि उतरवून घरी पोचेपर्यंतचा वेळ धरला, तर पाच आठवडे हाताशी ठेवावेत. सामान उतरवून घ्यायला तिथे कुणीतरी लागतं. त्यामुळे दोघांपैकी एकाने पंधरा दिवस आधी जाऊन घर बघावं, टाकी-पंखे-जाळ्या लावून घ्याव्यात, सामान ताब्यात घ्यावं आणि मग मुलांना आणावं. मधल्या काळात मुलं आजी-आजोबांकडे राहिली तर उत्तम. मुलं आणि सामान एकाच आठवड्यात नेण्याची घाई केली, की बहुधा मुलं पोचतात आणि सामान चेन्नईला अडकतं.

काय नेऊ नये, हे आधी ठरवा. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर तिथली हवा पिऊन फुगतं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात. कापसाच्या गाद्या, रजया, लोकरीचे कपडे यांना वर्षभर काम नाही, कारण तापमान साधारण २३ ते ३१ अंशांतच फिरतं. पडून राहिल्या की बुरशी ठरलेली. चामड्याच्या चपला-पट्टे पावसाळ्यात पांढरे होतात. नेण्यासारखं म्हणजे फोमची किंवा काथ्याची गादी, स्टीलची भांडी, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मुलांची पुस्तकं-खेळणी. कंटेनर दिवसा तापतो, रात्री निवतो आणि आतल्या आत पाणी सुटतं. म्हणून फ्रिज आणि मशीन निघण्याआधी दोन दिवस दार उघडं ठेवून पूर्ण सुकवा, पुस्तकं जाड प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालू नका. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ होते. विमा घेताना तो फक्त रस्त्याचा आहे की समुद्रप्रवासाचाही, हे लेखी विचारा, आणि प्रत्येक खोक्यावर नंबर टाकून आतल्या वस्तूंची यादी फोनमध्ये ठेवा.

गाडी न्यायची असेल तर आरटीओचं ना-हरकत पत्र दीड-दोन महिने आधी मागा. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथली नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. खाऱ्या हवेने पत्रा खालून गंजतो. गंजरोधक थर इथेच मारून घ्या. खरं सांगायचं तर लहान शहरात, चढउताराच्या रस्त्यांवर, तिथेच घेतलेली स्कूटर पुरते. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या आणि तिथे दोन सिलिंडरचंच कनेक्शन मागा. सिलिंडरसुद्धा समुद्रावरूनच येतात, त्यामुळे जोडीला इंडक्शनची शेगडी हवी. वीज मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर तयार होते. फ्रिजला स्टॅबिलायझर आणि घराला इन्व्हर्टर लागतोच.

घर बघताना भाड्याआधी पाण्याची चौकशी करा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात जानेवारी ते एप्रिल पाण्याची ओढ असते, हे ऐकून नवखा चक्रावतो. पण डोंगर उताराचे, बेट अरुंद, पाणी धावत समुद्रात जातं, आणि शहराची भिस्त धनीखाडीच्या धरणावर आहे. उन्हाळ्यात नळ दिवसाआड येतो, कधी त्याहूनही उशिरा. हिशोब असा करा: काटकसरीने माणशी ८० लिटर, चार माणसांचे ३२०, चार दिवसांचे १,२८०. म्हणजे हजार लिटरची सिंटेक्सची टाकी आणि वर दीडशे-दोनशे लिटरचे दोन पिंप. छपराचं पावसाचं पाणी टाकीत उतरवलेलं असेल तर त्या घराला दोन हजार रुपये जास्त भाडं द्यायला हरकत नाही. साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार होते. पिंपांना घट्ट झाकण, टाकीच्या हवेच्या नळीला जाळी, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासणं, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

घराची उंची बघायचं दुसरं कारण २६ डिसेंबर २००४चा भूकंप आणि त्सुनामी. त्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि शहराजवळच्या सिप्पीघाटच्या शेतांत समुद्र कायमचा शिरला. खाडीच्या काठचं सखल घर स्वस्त मिळालं तरी मुलांसह घेऊ नका. अंदमान भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात येतं, म्हणून कपाटं भिंतीला स्क्रूने बांधा आणि मुलांच्या पलंगावर फळी नको. पाच वर्षांच्या मुलालाही एवढं शिकवता येतं: जमीन हलली तर टेबलाखाली बसायचं, आणि समुद्राजवळ असताना जोरात किंवा खूप वेळ हलली तर थांबताच भोंग्याची वाट न बघता चढाच्या दिशेने चालायला लागायचं.

पालक ज्याची तयारीच करत नाहीत, ती गोष्ट म्हणजे उजेड. घड्याळ भारताचंच असतं, पण पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश आहे, म्हणजे सूर्य तिथे सुमारे ऐंशी मिनिटं आधी येतो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं आणि नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आत सूर्य बुडतो. मुंबईत साडेनऊला झोपणारं मूल तिथे पहाटे पाचला उन्हाने उठतं, दुपारी चिडचिडतं, आणि पालकांना वाटतं हवा मानवली नाही. निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून जेवण आणि झोप दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सव्वाआठला झोपायची सवय लागली की काम झालं. पूर्वेच्या खिडकीला जाड गडद पडदा पहिल्याच दिवशी लावा. संध्याकाळचं खेळणं चारला सुरू करावं लागतं, आणि पाचला अंधारात घरी येताना टॉर्च असू द्या, कारण कानखजुरे त्याच वेळी निघतात. तिथला कानखजुरा बोटाएवढा जाड असतो आणि चावला तर मूल तासन्‌तास रडतं. बूट झटकून घालणं, जमिनीवर गादी न टाकणं आणि न्हाणीघराच्या मोरीला जाळी बसवणं, या तीन सवयींनी बहुतेक चावे टळतात.

आरोग्याची तयारी मुलांच्या डॉक्टरांकडून सुरू करा, तीही दोन महिने आधी. राहिलेल्या लसी पूर्ण करून घ्या. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस तर हवेतच. बेटांवरच्या आदिवासींना बाहेरच्या आजारांची प्रतिकारशक्ती नाही आणि १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ येऊन गेली आहे. दमा किंवा छातीची घरघर असलेल्या मुलासाठी पंप, स्पेसर आणि तीन महिन्यांची औषधं न्या. ओलसर भिंतींवरची बुरशी तो त्रास वाढवते, म्हणून घर बघताना कपाटामागची भिंत हाताने चाचपा. घरच्या पेटीत ओआरएसची दहा पाकिटं (एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्ध्या पेल्यात नाही), जुलाबासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं झिंक, थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलचं सिरप दर ५ मिलीत १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. घरात एकच ठेवा आणि मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिली, ते डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्या. तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. तो डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दुसऱ्या दिवशी टिकला तर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करा, आणि मूल चिखलात, साचलेल्या पाण्यात खेळलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस बेटांवर नेहमीचा आहे आणि सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो.

किनाऱ्यावरची सँडफ्लाय ही बारीक माशी नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येते. जाळी बारीक विणीची घ्या. चावा खाजवला की पिकतो, म्हणून मुलांची नखं कापलेली ठेवा आणि किनाऱ्यावर पायभर पँट घाला. मोठं सरकारी रुग्णालय सेल्युलर जेलजवळचं जी. बी. पंत. तिथे होत नाही त्या उपचारांसाठी चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं, आणि प्रवासी विमानं बहुतेक सकाळपासून दुपारपर्यंतच असतात. अचानक काढायच्या दोन-तीन तिकिटांचे पैसे बाजूला ठेवा, त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नका.

शाळेचं काम कागदांचं आहे. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, मुलाचा पेन क्रमांक (शाळांच्या सरकारी नोंदणीतला मुलाचा कायमचा क्रमांक) जुन्या शाळेकडून मोकळा करून घ्या, जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत हातातल्या पिशवीत ठेवा. अभ्यासक्रम सीबीएसईचा, शहराची बोली हिंदी. शेजारी बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी असतात आणि मूल सहा महिन्यांत हिंदी सहज बोलतं. मराठी वाचन मात्र घरीच टिकवावं लागतं. बालभारतीची त्या-त्या इयत्तेची पुस्तकं दोन वर्षांची एकदम न्या.

स्वयंपाकघरासाठी गोडा मसाला, भाजणी, कोकम, मेतकूट आणि नाचणी इथून न्यावी. पिठं मात्र थोडी न्या. बाजरीचं पीठ तर दमट हवेत पंधरवड्यात कडू होतं. ज्वारी-बाजरी धान्य म्हणून नेऊन घरघंटीवर दळणं बरं. ताजं दूध मोजकं मिळतं, म्हणून दुधाच्या पावडरीची किंवा टेट्रापॅकची चव मुलांना महिनाभर आधी लावा. भाज्या महाग, पण मासे ताजे आणि भरपूर. जंगलीघाटच्या बाजारात सकाळी लवकर जावं.

समुद्राबद्दल मुलांना तीन गोष्टी निघण्याआधीच सांगा. मगरीची पाटी असेल तिथे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात पाय घालायचा नाही, विशेषतः तिन्हीसांजेला. प्रवाळ आणि शंख-शिंपले घरी आणायचे नाहीत, मेलेले असले तरी. आणि बाराटांग बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जारवा दिसले तर फोटो, हाका, खाऊ काहीही नाही. त्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५६ पासून आहे आणि तो मोडला तर शिक्षा होते.

मुलांसह पहिला प्रवास विमानानेच करा. चेन्नईहून दोन-सव्वादोन तास लागतात, जहाजाला तीन दिवस. तिकिटावर बहुधा माणशी १५ किलो सामान मिळतं, म्हणून हातातल्या आणि चढवायच्या बॅगा मिळून दहा दिवस घर चालेल असं भरा: प्रत्येकाचे पाच सुती जोड, दोन पातळ चादरी, मच्छरदाणी, औषधांची पेटी, डायपर आणि दुधाची पावडर, छोटा कुकर, चार ताटल्या, दोरी, चिमटे, टॉर्च. आणि मूल ज्याशिवाय झोपत नाही ते गोधडीचं तुकडं किंवा बाहुली चुकूनही कंटेनरमध्ये जाऊ देऊ नका.