रूपांतरित खडक ओळखायचा कसा? सुरुवात फरशीच्या दुकानामागून

नाशिकमध्ये रूपांतरित खडक, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला खडक, शोधायला डोंगर चढू नका. पांडवलेणी असो की ब्रह्मगिरी, सगळा बेसाल्ट, म्हणजे अग्निजन्य. डोंगराला पायऱ्या दिसतात त्या एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या. त्यांना रूपांतराचे पदर समजण्याची चूक नेहमी होते. नमुने हवेत तर मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानामागे कटिंगचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा.

सोबत दहापट भिंग, पोलादी चाकू, काचेचा तुकडा आणि ड्रॉपरच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. गॉगल हवाच.

पॉलिश केलेली बाजू बघून काही ठरवू नका. तिच्यावर बऱ्याचदा रेझिनचा (राळेसारखा) लेप असतो, आम्लही नीट लागत नाही. तुटलेली ताजी कड ओली करून भिंगाखाली धरा. पहिला प्रश्न एकच: खनिजं एका दिशेत ओळीने लागून पदर झालेत का?

असतील तर कण पाहा. कण दिसतच नाहीत आणि सपाट पातळ पापुद्रे निघतात, ती स्लेट, शाळेच्या पाटीचा दगड. ठोकल्यावर खणखणते, शेल (चिखल घट्ट होऊन झालेला गाळाचा खडक) मात्र बद्द वाजतो. पापुद्र्यावर रेशमी चमक आली की फिलाइट. अभ्रकाची पानं नुसत्या डोळ्यांनी चमकू लागली की शिस्ट. शिस्टमध्ये बऱ्याचदा लालसर तामड्याचे (गार्नेटचे) दाणे गाठीसारखे वर आलेले असतात आणि अभ्रक त्यांना वळसा घालून जातो. हे भिंगातून एकदा पाहिलं की विसरत नाही. गडद-फिकट पट्टे वेगळे झाले, पण पानापानाने सुटत नाही, तो नाइस. दुकानात 'ग्रॅनाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या लहरदार पट्ट्यांच्या कित्येक लाद्या खरं तर नाइसच.

नाव देताना कमी असलेलं खनिज आधी, जास्त असलेलं खडकाच्या नावाशेजारी: तामडा-अभ्रक शिस्ट. तामडा हा तापमान-दाबाचाही साक्षीदार. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच खनिजांवरून नकाशावर पट्टे आखले. तापमानाचा चढता क्रम असा: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. मूळ खडक चिखलाचा असेल तरच हा क्रम लागू; चुनखडकात तो शोधत बसू नका.

पदर नसतील तर चाकू काढा. सहज ओरखडा उठला आणि आम्लाचा थेंब फसफसला तर संगमरवर, मकराण्याचा असो वा कुठला. डोलोमाइट या खनिजाचा असेल तर थेंब गप्प बसतो. चाकूने खरवडून भुकटीवर टाका. पण नुसत्या फसफसण्यावर जाऊ नका: कोटा, शहाबाद, कडप्पा हे सगळे फसफसणारे चुनखडकच, रूपांतरित नव्हेत. संगमरवरात कॅल्साइटचे (चुनखडकाच्याच खनिजाचे) साखरेसारखे एकमेकांत गुंतलेले कण दिसतात, या चुनखडकांत नाही. काचेवर ओरखडा उठवणारा, आम्लाला दाद न देणारा पांढरट दगड बहुधा क्वार्ट्झाइट, म्हणजे रूपांतरित वालुकाश्म. तो कणांच्या आरपार फुटतो. साधा वालुकाश्म कणांना वळसा घालून.

शेवटी 'ग्रीन मार्बल'. थेंब टाका: पांढऱ्या शिरेवर फसफसतो, हिरव्या भागावर नाही. हिरवा भाग सर्पेंटाइन या खनिजाचा. म्हणजे खडक रूपांतरितच, फक्त संगमरवर नव्हे.