पुण्यातली ब्रिटिशकालीन इमारत नेमकी किती जुनी, हे कसं ठरवायचं

जुन्या इमारतीच्या दारावर एक साल कोरलेलं असतं आणि तेच तिचं वय, असं धरून लोक पुढे सरकतात. घोटाळा तिथेच होतो, कारण ते साल बहुतेक वेळा संस्थेचं असतं. म्हणून आधी वहीत चार रकाने आखा: संस्था कधी सुरू झाली, कोनशिला कधी बसली, इमारत वापरात कधी आली आणि आज डोळ्यांना दिसतो तो भाग कधीचा.

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च घ्या. सवाई माधवरावांनी त्यासाठी जागा दिली १७९२ मध्ये, म्हणजे पेशवाई ऐन भरात असताना. सध्याची इमारत मात्र १८५२ ची. डेक्कन कॉलेज आपलं मूळ १८२१ च्या, विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेत सांगतं, पण येरवड्याची दगडी वास्तू १८६० च्या दशकातली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात १८५४ ची, कोनशिला १८६५ ची. पुण्यात रेल्वे आली १८५८ ला, स्टेशनची आजची इमारत १९२५ ची. ही गाळणी लावली की तारीख पक्की असलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मोठ्या वास्तूंमध्ये पहिला मान कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, सेंट मेरीज चर्चकडे जातो. पुणं इंग्रजांच्या हाती गेलं ती खडकीची लढाई १८१७ ची आणि कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते या चर्चचा अर्पणविधी झाला १८२५ मध्ये.

आता भिंतीकडे वळू. काळा दगड पाहून काहीच ठरत नाही. तो पेशव्यांनीही वापरला आणि इंग्रजांनीही. बघायचा तो सांधा. चुन्याचा सांधा पांढरट असतो, त्यात न मिसळलेल्या चुन्याच्या बारीक गुठळ्या आणि कधी सुरखीचे, म्हणजे विटांच्या भुकटीचे, लालसर कण दिसतात. सिमेंटचा सांधा राखाडी आणि एकसारखा असतो, पुष्कळदा दगडावर दोरीसारखा उठून आलेला. सिमेंट दिसलं म्हणून इमारत नवी ठरवू नका, ती नंतरची डागडुजी असू शकते. गवंड्याचा हात सहसा पोचत नाही अशा जागी, जिन्याखाली किंवा पावसाळी पाइपामागे, मूळ सांधा शिल्लक असतो. सिमेंट भरलेल्या पट्ट्याशेजारीच विटांचा भुगा होत असेल आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला असेल, तर आतली ओल सिमेंटमुळे सांध्यातून बाहेर पडू शकत नाही आणि विटेतून वाट काढते आहे. सांधा खरवडून मात्र बघू नका.

छपरावरून खालची मर्यादा मिळते. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. तेव्हा मंगळुरी कौलं असलेलं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. हा पुरावा छपरापुरताच. खालच्या भिंती आणखी जुन्या असू शकतात, कारण नळीची कौलं काढून मंगळुरी घालण्याचं काम सर्रास झालं. कौलाच्या पोटावर कारखान्याचा शिक्का असतो. लोखंडी तुळईच्या बाजूवरही बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं सापडतं. दुर्बीण जवळ असली की शिडी लागत नाही.

शैलीवर फार विसंबू नये, पण एक खूण कामाची आहे. सेंट मेरीज साधं आहे. टोकदार कमानी, मनोरे, दगड-विटांची रंगसंगती हा थाट पुण्यात आला तो १८६० नंतर. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांना बांधकामाचा सोस होता. गणेशखिंडीतलं गव्हर्नरांचं निवासस्थान (आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत), ससून रुग्णालय आणि लाल देऊळ (ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग) याच लाटेतले. यातलं ससून आणि लाल देऊळ, शिवाय डेक्कन कॉलेज, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच लष्करी इंजिनिअरचं काम आहे. ओळीने पाहिलीत तर हात ओळखू येतो.

कागदांत आधी १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) उघडा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड. त्याचे तीन भाग आहेत, शहरातली स्थळं तिसऱ्या भागात. इमारतीचं वर्णन त्यात असेल तर ती १८८५ च्या आधीची. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मिळकत पत्रिकेत मालकी आणि क्षेत्रफळ मिळतं, बांधकामाचं वर्ष नव्हे. त्यासाठी तिथे खेटे घालू नका. कॅम्पातल्या जागांची नोंद वेगळी, जनरल लँड रजिस्टर या छावणीच्या जमीन-नोंदवहीत असते.

कोनशिला झिजलेली असेल तर मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, समोरून नको. सावली पडली की अक्षरं उठतात. खडू घासू नका, तेल चोळू नका, दोन्ही दगडाच्या छिद्रांत बसतात. कॅम्पात लष्करी आवारांचे फोटो टाळा. लाल देवळात आत जायचं तर आधी परवानगी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

इतकं करूनही एकच साल हाती येईलच असं नाही. तिथे नेमका आकडा रेटू नका; ‘१८६५ ते १८८५ च्या दरम्यान’ असं लिहा आणि शेजारी कारण नोंदवा: १८६५ कौलांवरून, १८८५ गॅझेटियरवरून.