पडदा लावा की उघडा? 'ड्रॉ द कर्टन्स' आणि पडद्यांचं इंग्रजी नीट कसं बोलावं

घोडबंदर रोडला किंवा खारघरला पश्चिमेची खिडकी असलेल्या घरात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी ३ नंतर पडदा लावल्याशिवाय बसवत नाही. मराठीत 'अगं, पडदा लाव गं जरा' म्हटलं की काम झालं. पण तेच ऐरोलीच्या ऑफिसात परदेशी सहकाऱ्याला सांगायचं असेल, हॉटेलच्या नोकरीत पाहुण्याला विचारायचं असेल, किंवा सुट्टीला अमेरिकेहून आलेल्या नातवंडांशी बोलायचं असेल, तर चांगली शिकलेली माणसंही अडखळतात. अडखळण्याचं कारण नाही. थोडे शब्द आणि ते वापरायची रीत कळली की पुरतं.

पायरी १: खिडकीला काय लावलंय ते बघा

रॉडवर किंवा ट्रॅकवर आडवा सरकणारा कापडी पडदा म्हणजे 'कर्टन'. तो बहुतेक वेळा दोन भागांचा असतो, म्हणून 'कर्टन्स' असं अनेकवचनच जास्त ऐकू येतं. वरच्या नळीला गुंडाळलेला आणि साखळी ओढली की खाली उतरणारा तो 'रोलर ब्लाइंड'. ऑफिसात पट्ट्यापट्ट्यांचे असतात त्यांतले आडव्या पट्ट्यांचे 'व्हेनिशियन', उभ्या पट्ट्यांचे 'व्हर्टिकल'. अमेरिकन माणूस जाड पडद्याला 'ड्रेप्स' आणि रोलर ब्लाइंडला 'शेड' म्हणेल, तेवढं ओळखता आलं तरी चालेल.

पायरी २: सांगायचं असेल तेव्हा 'क्लोज' वापरा

'क्लोज द कर्टन्स, प्लीज.' याचा दुसरा अर्थ कुणी काढूच शकत नाही. उघडायचे असतील तर 'ओपन द कर्टन्स'. माझं स्पष्ट मत आहे की स्वतः बोलताना एवढंच वापरावं. भारदस्त शब्दापेक्षा समोरच्याला एका झटक्यात कळणारा शब्द कधीही चांगला.

आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडला मात्र दोन हालचाली असतात आणि तिथे गोंधळ होतो. मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर लावलाय आणि खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर येतंय. ब्लाइंड खाली उतरवलेलेच आहेत, फक्त पट्ट्या उघड्या आहेत. तिथे 'क्लोज द ब्लाइंड्स' म्हणा, म्हणजे पट्ट्या फिरवून मिटल्या जातील. ब्लाइंड वर ओढून ठेवलेलेच असतील तर 'लोअर द ब्लाइंड्स' किंवा 'पुल द ब्लाइंड्स डाउन'. परत वर घ्यायला 'रेझ द ब्लाइंड्स'.

इथे मराठीतून शब्दाला शब्द उचलला की हमखास चुकतं. आपण 'पडदा लाव' म्हणतो म्हणून 'पुट द कर्टन' तोंडात येतं. ते इंग्रजीत अपुरं वाटतं, आणि त्याच्या जवळचं 'पुट अप द कर्टन्स' म्हणजे नवे पडदे रॉडवर चढवणं. 'पडदा काढ'चं 'रिमूव्ह द कर्टन' केलंत, तर ऐकणारा स्टूल आणून पडदाच उतरवायला लागेल. दिवाळीच्या आधी धुवायला काढताना ते योग्य आहे, आणि त्यासाठी 'टेक डाउन द कर्टन्स' हा रुळलेला प्रयोग आहे.

पायरी ३: 'ड्रॉ' ऐकलं की आजूबाजूला बघा

आता मुख्य मुद्दा. इंग्रज माणूस अनेकदा 'ड्रॉ द कर्टन्स' म्हणतो. आपल्याला शाळेपासून ड्रॉ म्हणजे चित्र काढणं एवढंच माहीत, म्हणून काही सुचत नाही. या क्रियापदाचा मूळ अर्थ ओढणं. टेबलाचा ओढायचा खण तो 'ड्रॉवर'. बँकेतून पैसे 'विथड्रॉ' करतो, तेही बाहेर ओढणंच. आणि नवी मुंबईकरांना तर सिडकोच्या घरांचा ड्रॉ, म्हणजे सोडत, चांगलीच ठाऊक आहे; मुळात एकेक चिठ्ठी ओढून काढायची तो ड्रॉ.

पडदा दोन्ही बाजूंना ओढता येतो, म्हणूनच 'ड्रॉ द कर्टन्स'चा अर्थ लावणं असाही होतो आणि उघडणं असाही. दोन्ही बरोबर आहेत. मग ओळखायचं कसं? वेळेवरून आणि पडद्याच्या स्थितीवरून. संध्याकाळी दिवे लागल्यावर, समोरच्या टॉवरमधून घर दिसायला लागल्यावर कुणी म्हणालं, तर लावायचे. सकाळी अंधाऱ्या खोलीत उठल्या उठल्या म्हणालं, तर उघडायचे. सोबत 'बॅक' किंवा 'असाइड' आलं, जसं 'ड्रॉ बॅक द कर्टन्स', तर नक्की उघडायचे. एरवी नुसतं ऐकू आलं तर बहुतेकदा लावणंच अभिप्रेत असतं. 'ड्रॉ द ब्लाइंड्स' म्हणजेही सहसा ब्लाइंड खाली ओढणं.

एक रूप मात्र निश्चिंतपणे समजून घ्या. 'द कर्टन्स वर ड्रॉन' असं वाचलंत तर पडदे लावलेले होते. कथा-कादंबऱ्यांत हे सतत येतं. क्रियापदाची रूपं ड्रॉ, ड्रू, ड्रॉन अशी आहेत; 'ड्रॉड' असं रूपच नाही.

तरीही शंका राहिली तर विचारा: 'ओपन ऑर क्लोज्ड?' यात कमीपणा काही नाही. हॉटेलात संध्याकाळी खोली आवरायला जाणाऱ्यांनी तर आपणहून स्पष्ट विचारावं: 'वुड यू लाइक मी टू क्लोज द कर्टन्स?' तिथे पातळ 'शिअर' आणि उजेड अडवणारा जाड 'ब्लॅकआउट' असे दोन थर असतात. पाहुणा म्हणाला, 'जस्ट द शिअर्स, प्लीज', तर फक्त पातळ पडदा ओढायचा आणि जाड तसाच ठेवायचा.

पायरी ४: हुकूम नको, विनंती करा

मराठीत 'लाव ना जरा' यातल्या 'ना' आणि 'जरा'ने आर्जव येतं. इंग्रजीत ते काम 'कुड यू' करतं: 'कुड यू क्लोज द कर्टन्स, प्लीज?' कारण जोडलंत तर आणखी बरं: 'देअर्स अ ग्लेअर ऑन द स्क्रीन.' ग्लेअर म्हणजे डोळ्यांवर येणारी तिरीप.

'वुड यू माइंड क्लोझिंग द कर्टन्स?' असं कुणी तुम्हाला विचारलं तर जपून उत्तर द्या. प्रश्न असा आहे की तुमची काही हरकत आहे का? आपण सवयीने 'येस, येस' म्हणत उठतो, पण त्याचा अर्थ 'हो, हरकत आहे' असा होतो. 'नॉट अॅट ऑल' म्हणा किंवा 'शुअर' म्हणा, आणि पडदा लावा.

पायरी ५: नाट्यगृहातला पडदा वेगळा ठेवा

गडकरी रंगायतनला तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडतो, त्याला इंग्रजीत 'द कर्टन गोज अप' म्हणतात आणि नाटक संपल्यावर 'द कर्टन कम्स डाउन'. प्रकरणावर पडदा टाकणं, म्हणजे त्याची वाच्यता न करणं, याला 'ड्रॉ अ व्हेल ओव्हर इट' असं म्हणतात; इथे व्हेल म्हणजे चेहऱ्यावरचा बुरखा. आणि 'इट्स कर्टन्स फॉर हिम' ऐकलंत तर खिडकीकडे बघू नका. त्याचा खेळ संपला, असा त्याचा अर्थ.

पायरी ६: उच्चार आणि सराव

'कर्टेन' नाही, 'कर्टन', शेवट तोकडा. 'क्लोज'मधला ज हा 'जरा'मधल्यासारखा, 'जीव'मधल्यासारखा नाही. 'ड्रॉन'मधला ऑ मोकळा ठेवा, नाहीतर ते उडणारं ड्रोन होतं.

सरावाला वेगळा वेळ नको. सकाळी पडदे सरकवताना 'आय अॅम ओपनिंग द कर्टन्स', संध्याकाळी लावताना 'आय अॅम क्लोझिंग द कर्टन्स' मोठ्याने म्हणा. आठवड्याभराने त्याच जागी 'ड्रॉइंग' घाला आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, उघडतोय की लावतोय?