शवविच्छेदनात लहान आतड्याचे भाग कसे ओळखावेत

सोलापूर जिल्ह्यात शिकणाऱ्या पशुवैद्यकाने सुरुवात उस्मानाबादी शेळीपासून करावी. शव हाताळायला सोपे असते आणि तिच्यावर पक्का बसलेला हात पुढे खिलार गाईवरही चालतो. मात्र जनावर अचानक दगावले असेल आणि नैसर्गिक छिद्रांतून न गोठलेले काळपट रक्त येत असेल, तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरून शव उघडूच नये. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असताना आतड्याचे आतले अस्तर सर्वांत आधी विरघळू लागते, त्यामुळे विलंब करू नये.

शेळी डाव्या कुशीवर ठेवावी, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांत डावी बाजू कोटीपोटाने, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटाने, व्यापलेली असते आणि आतडी उजवीकडे असतात. चरबीची जाळी बाजूला केली की मोठ्या आतड्याच्या चकतीसारख्या वेटोळ्याभोवती लहान आतड्याचे बारीक वळसे परकराच्या झालरीसारखे लागलेले दिसतात. या वळशांत थेट हात घालू नये. आधी दोन्ही टोके पकडावीत. अंधांत्राचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाचे, बंद टोक शोधून त्यापासून लहान आतड्याकडे जाणारी पडद्याची घडी बोटाने चाचपावी. ती जिथे संपते तिथे दोरा बांधावा. तिथून अंधांत्रापर्यंतचा भाग म्हणजे शेषांत्र. दुसरा दोरा आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, मोठ्या आतड्याला घडीने जोडलेले असते त्या वळणापाशी बांधावा. दोन दोऱ्यांमधले सारे मध्यांत्र होय.

आता पित्ताशय हलकेच दाबावे आणि उघडलेल्या आद्यांत्रात पित्त कुठे झिरपते ते पाहावे. शेळीमेंढीत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकत्र येऊन उघडतात. गाईत त्या वेगवेगळ्या उघडतात आणि पित्तनलिकेचे तोंड चौथ्या पोटापासून साधारण 60 सेंमीवर असते. अकलूजच्या बाजारामुळे घोडाही इथे अनोळखी नाही, पण घोड्याला पित्ताशयच नसते, म्हणून नलिकेचा उंचवटा जठरापासून सुमारे 15 सेंमीवर डोळ्यांनीच शोधावा लागतो.

लांबी गाईत सुमारे 40 मीटर, शेळीमेंढीत 25, घोड्यात 22 ते 25, डुकरात 15 ते 20, कुत्र्यात 4 आणि मांजरात जेमतेम दीड मीटर भरते. माझ्या मते या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण मृत्यूनंतर स्नायू सैल पडून आतडे लांबते. धरून ठेवणारा पडदा कापून, ओल्या टेबलावर न ताणता मोजावे आणि पद्धत प्रत्येक वेळी तीच ठेवावी.

शेषांत्राचा शेवट मात्र नीट पाहावा: घोड्यात ते अंधांत्रात उघडते, तर कुत्र्यात थेट मोठ्या आतड्यात. वासरू किंवा कोकरू असेल तर शेषांत्राच्या भिंतीत, पडद्याच्या विरुद्ध बाजूला, लसीका ऊतीचा (रोगप्रतिकार करणाऱ्या ऊतीचा) लांबलचक जाडसर पट्टा दिसतो. तो या वयात नैसर्गिक असल्याने अहवालात रोग म्हणून नोंदवू नये.